तू त्या खड्ड्यात नव्हतास

"इस्त्री काय कडक मारायचा हो तुमचा मेव्हणा."

हवालदार शेलार बाबांना हे म्हणाले तेव्हा मी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होते. तुझा दहावा होता, मामा. नदीवरून सगळे परतले होते. पुरुष अंगणातल्या मांडवात, बायका आत. शेलार तुझ्या पलटणीतले. तू गेल्याचं कुणाकडून तरी कळल्यावर ते साताऱ्याहून एसट्या बदलत अंबाडीला उतरले आणि तिथून विचारत विचारत घरी आले. गेलेल्या माणसाबद्दल काहीतरी चांगलं बोलावं, एवढ्याच हेतूने ते बोलले.

बाबा म्हणाले, "असेल. पण आमच्या शर्टांना त्याचा कधी लाभ झाला नाही." दोघेतिघे हसले.

पांडूमामा, तुझा चुलतभाऊ, हसला नाही. "इस्त्री कोनाची?" त्याने विचारलं.

"साहेबाची. सहायक होता न्हवं का कंपनी कमांडरचा. कपडे, बूट, बिस्तरा, समदं त्याच्याकडं. लई नीटनेटका गडी."

"म्हंजे साहेबाच्या घरी कामाला व्हता?"

"घरी न्हवं हो. तिथं, लंकेत. साहेब जिथं, तिथं ह्यो."

"मंग लडला कदी?"

आपण काय बोलून बसलो ते शेलारांना तेव्हा कळलं. त्यांनी माझ्याकडून एक पेला घेतला आणि तो रिकामा होईपर्यंत तोंडाचा काढला नाही.

मांडवाच्या खांबाला तुझा फलक बांधलेला होता. गावातल्या मुलांनी तो रंगवून आणला होता. वर्दीतला तुझा फोटो आणि खाली लाल अक्षरांत 'लंकेच्या रणात झुंजलेला आमचा वाघ'. सगळे त्या फलकाकडे बघायचं टाळत होते.

आत सुमनमावशी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. खिडकीतून तिला सगळं ऐकू येत होतं. सुमनमावशी आईची लहानपणची मैत्रीण आणि लखूकाकांची बायको. लखूकाका तुझे जोडीदार; तुझ्याबरोबर भरती झाले, तुझ्याबरोबर शांतिसेनेतून लंकेत गेले आणि तिथेच राहिले. इतकी वर्षं तिचा एकच प्रश्न होता. गोळे पडले तेव्हा दोघं एका खड्ड्यात होतात, मग तो एकटाच कसा गेला?

त्या प्रश्नाचं उत्तर त्या घरात फक्त मला माहीत होतं. तू ते मला सांगितलं होतंस आणि वर बजावलं होतंस, "तू बोलू नको. सुमनला मीच सांगीन."

तू सांगितलं नाहीस.

इस्त्रीचं मला शेलारांच्या आधीपासून माहीत होतं. फौजेतून सुटल्यावर भिवंडीत गोदामावर तुझी वॉचमनची ड्युटी. आठवड्याची सुट्टी असली की तू निजामपुऱ्यात आमच्या दोन खोल्यांत यायचास. समोरचे लूम चालू असायचे, त्यामुळे घरात बोलणं म्हणजे ओरडणंच, आणि मला ओरडता यायचं नाही. म्हणून मी सगळ्यांचं बोलणं नुसतं बघत बसायचे. जेवण झालं, बाबा पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले, की तू आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायचास आणि माझा शाळेचा धुतलेला स्कर्ट दोरीवरून आणायला सांगायचास. त्या स्कर्टला सोळा चुण्या होत्या. तू बोट ओलं करून इस्त्रीला लावून बघायचास, मग एकेक चुणी अंगठ्याने दाबत, वरपासून खालपर्यंत, एकही दुसरीच्या अंगावर न जाऊ देता इस्त्री फिरवायचास. तेवढा वेळ तू एक अक्षर बोलायचा नाहीस. तुझा स्वतःचा शर्ट मात्र चुरगळलेलाच.

एकदा टीचरनी मला वर्गापुढे उभं केलं. बघा, गणवेश असा पाहिजे. घरी इस्त्री कोण करतं? मी म्हणाले, लाँड्रीत देतो. घरी आल्यावर मी तुला हे सांगितलं. का सांगितलं ते आजही मला नीट माहीत नाही. तू म्हणालास, "बराबर सांगितलंस." आणि खरंच तुला बरं वाटलेलं दिसलं.

गावी गेलं की तू निराळा माणूस. पाण्याचा पेलासुद्धा मामीने हातात द्यायचा. मिशीला पीळ, छाती पुढे, अंगणात बाजेवर बैठक. पोरांना सांगायचास की मर्दाने चुलीकडे बघू नये, बघितलं की हात मऊ पडतात. मला बघितलंस की ओरडायचास, "खांदे मागं. जमिनीत काय शोधतंस?" आणि मग सगळ्यांकडे वळून, "दोन दोन भाषा येतात पोरीला, नि एकीत पन बोलत न्हाय."

आणि मग लंकेची गोष्ट. फौजेत खंदकाला मोर्चा म्हणतात, पण गावाला कळावं म्हणून तू खड्डाच म्हणायचास. दोन माणसांत एक खड्डा. लखू नि मी एका खड्ड्यात. गोळे पडायला लागले. लखूला लागलं, माझ्या मांडीवर त्याने जीव सोडला. दर वेळी हीच वाक्यं, याच क्रमाने. बाकीच्या गोष्टींत तू भर घालायचास, पाऊस वाढवायचास, माणसं वाढवायचास. या गोष्टीत कधी एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मी लहान होते, तरी ते माझ्या ध्यानात आलं होतं.

एका हळदीत सुमनमावशीने सगळ्यांसमोर विचारलं, "येसू, एकाच खड्ड्यात व्हतास, मंग तुला साधं खरचटलं पन न्हाय?" तू म्हणालास, नशीब. त्या दिवसापासून गावात कुजबूज सुरू झाली की यशवंत पळाला असणार, जोडीदाराला टाकून. तुझ्या कानावर ते येत होतं. तू कधी कुणाची गचांडी धरली नाहीस. मला त्याचंच नवल वाटायचं. एवढ्यातेवढ्यावरून भांडणारा माणूस तू, आणि यावर गप्प.

मी नववीत होते तेव्हा साहेबांचं कार्ड आलं. साहेब आणि त्यांची बायको गणेशपुरीला आश्रमात आठवडाभर राहायला येणार होते आणि त्यांनी तुला भेटायला बोलावलं होतं. तू ते कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतलंस. मग म्हणालास, "तू चल. साहेबाशी इंग्लिसमधी बोलायचं हाय."

एसटीत तू मला काय बोलायचं ते शिकवलंस. "साहेबाला म्हनायचं, सुमनला एक कागद लिवून द्या. येवढंच लिवायचं की त्या टायमाला यशवंत माझ्या हुकमावर व्हता. बस. कसला हुकूम ते लिवायचं न्हाय."

"कसला हुकूम होता?"

"ते लिवायचं न्हाय म्हनलो ना."

तू पाठ फिरवून खिडकीबाहेर भाताच्या खाचरांकडे बघत बसलास. मी मनात ते वाक्य इंग्रजीत जुळवलं. वज्रेश्वरीपर्यंत मला ते पाठ झालं होतं. आजही आहे.

साहेब व्हरांड्यात बसले होते. वेताच्या तीन खुर्च्या, एक टेबल. तू चपलांतल्या टाचा जुळवून सलाम ठोकलास. "अरे यशवंत, मोटा हो गया तू," साहेब म्हणाले आणि खरंच प्रेमाने हसले. वाईट माणूस नव्हते ते. मला ते आधीच सांगून टाकू दे, कारण मी खूप दिवस त्यांना वाईट करून बघितलं आणि ते जमलं नाही. त्यांच्या बायकोने मला इंग्रजीत विचारलं, कुठल्या शाळेत आहेस. मी उत्तर दिलं. तिचा चेहरा बदलला, जरा उजळला, आणि ती म्हणाली, बस ना बाळ. तिसरी खुर्ची रिकामी होती.

मी बसले.

तू साहेबांच्या खुर्चीच्या मागे, डाव्या हाताला जाऊन उभा राहिलास. कुणी सांगितलं नव्हतं. तुझी तिथे उभं राहायची जागा ठरलेली होती, एवढंच. चहा आला तेव्हा तू आश्रमातल्या माणसाच्या हातून ट्रे घेतलास आणि कप मांडलेस. साहेबांना, बाईंना, मग मला. माझ्या कपाचा कान तू उजवीकडे वळवून ठेवलास. आणि मी तुला थँक्यू म्हणाले, मामा. वर न बघता, इंग्रजीत.

साहेब माझ्याशी इंग्रजीत बोलत होते, तू तिथे नसल्यासारखे. तुझा मामा हिरा आहे, म्हणाले. कूच करून कुठे थांबलो की मी पाठीवरची पिशवी उतरवेपर्यंत याने माझा खंदक खणायला घेतलेला असायचा. भिंती सरळ, कोपरे टेबलासारखे. मग त्यांनी मान हलवली. त्याचा जोडीदार होता एक, म्हणाले, तो बिचारा आळशी. गोळे पडायला लागले तेव्हा त्याचा खंदक गुडघ्याएवढासुद्धा नव्हता. कितीही सांगा, काही पोरं खणतच नाहीत.

नववीतल्या मुलीलाही तो हिशेब कळण्यासारखा होता. दोन माणसांत एक खड्डा, आणि दोनातला एक माणूस दुसरीकडे खणतोय.

माझं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तू मागून एकदा खाकरलास. थोड्या वेळाने पुन्हा. बाईंनी मला बिस्किट घेणार का विचारलं, मी घेतलं. त्या म्हणाल्या, किती गोड बोलते ही, आणि मला आवडलं ते. ते मला आवडलं हेच सांगायला मला इतकी वर्षं लागली. ते वाक्य बोलले असते तर मी पुन्हा तुझी भाची झाले असते, अंबाडीजवळच्या एका घरातली, काहीतरी मागायला आलेली. मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते कपात तुटून पडेपर्यंत बघत राहिले.

परतीच्या एसटीत तू विचारलंस, "काय म्हनाला साहेब?"

"म्हणाले, तू खूप चांगला माणूस आहेस."

"लखूचं काय?"

"काही नाही."

"आनि कागदाचं?"

"विचारलं. बघू म्हणाले."

तू मान डोलावलीस. "बरं," म्हणालास. त्यानंतर भिवंडीपर्यंत तू मला शाळेत काय काय शिकवतात ते विचारत राहिलास आणि मी सांगत राहिले.

साहेबांचा कागद आला नाही. तू पुन्हा कधी विचारलंही नाहीस. स्कर्टच्या चुण्या त्याच आठवड्यात पुन्हा तशाच कडक झाल्या. मला वाटलं, सुटले.

आपलं भांडण झालं ते मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा. आईने डबा देऊन मला गोदामावर पाठवलं होतं. भर दुपार, लूमच्या कापडाचे तागे उतरवत हमाल घामाने निथळत होते आणि तू गेटपाशी उन्हात उभा होतास. शेजारी स्टूल होतं. शेठची गाडी आली. "फौजी, गेट खोलो." तू धावलास. शेठ काच खाली करून गाडीतल्या पाहुण्याला म्हणाले, "हमारा गेटमन लंका की लड़ाई लड़ा है." पाहुण्याने तुला वरपासून खालपर्यंत बघितलं. तू छाती पुढे काढलीस.

गाडी आत गेल्यावर मी म्हणाले, "स्टूल कशाला ठेवलंय मग?"

"फौजी बसला तर शेठला काय वाटंल?"

"शेठला काय वाटेल, साहेबांना काय वाटेल. आधी त्यांचा खड्डा खणायचा, मग आपला."

एवढं मोठ्याने मी तोवर कधी बोलले नव्हते. तू डबा उघडत होतास. झाकण हातात धरून थांबलास.

"कळलंच व्हतं तुला त्या दिशी," तू म्हणालास. "मला ठावं हाय. मला पन कळलं. पाच वर्सं त्याच्या मागं उभा व्हतो, इंग्लिस कानात शिरनारच ना."

म्हणजे एसटीत मी खोटं बोलत होते ते तुला ऐकू येत होतं. कागदाचं मी विचारलंच नाही तेही. आणि तू बरं म्हणाला होतास.

"मग त्यांना तू 'नाही' असं का म्हणाला नाहीस, मामा? आपला आधी खणतो, मग तुमचा, असं?"

"तू म्हनलीस?" तू शांतपणे विचारलंस. "बस म्हनली बाई, बसलीस."

तू डब्याकडे बघत जेवायला लागलास आणि जेवता जेवता, घास गिळता गिळता, सगळं सांगितलंस. मला वाटतं समोर बसून कुणाच्या डोळ्यांत बघून तुला ते सांगता आलं नसतं.

तिथली जमीन वाईट. वर हातभर माती, खाली दगड. दुपार उतरायच्या आत खड्डे व्हायला हवे होते. तू आणि लखूकाकांनी आपला खणायला घेतला, तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं. कंपनीतली पोरं तुला साहेबीण म्हणायची. कपडे धुतो, चहा करतो, बिस्तरा घालतो, म्हणून साहेबीण. लखूकाका कधी म्हणायचे नाहीत. त्या दिवशी म्हणाले. "जा गो साहेबीण, नवरा हाका मारतोय. आपला मी खनतो." आणि हसले.

"पयल्यांदाच म्हनला तो," तू सांगितलंस. "बाकीच्यांचं मी ऐकून सोडायचो. पन लखू म्हनला."

तू साहेबांचा खड्डा खणलास. तो झाला. आणि तू परत गेला नाहीस.

"खड्डा झाला व्हता गं. जायला पायजे व्हतं. पन जाऊ दे म्हनलो, खनू दे त्याला एकट्याला, कळू दे. मी तिथंच बसून कोपरे मारत राह्यलो. भिंती चोपत राह्यलो. साहेब बोलला, शाबास. मंग गोळे पडले."

तू बोटं चाटलीस आणि डबा बंद केलास.

"माझा बाप जलमभर दुसऱ्याच्या शेतात चर खनत व्हता. मी भरती झालो त्या मातीतनं सुटायला. वर्दी घातली नि पुन्ना दुसऱ्याचाच खड्डा. गाव म्हनतंय पळाला, तर म्हनू दे. भ्यालेला मानूस पळतो, त्यात काय. पन साहेबीण म्हनून रुसून बसला नि जोडीदार मेला, हे कसं सांगू? हे मर्दाचं हाय का बाईचं हाय, मलाच कळत न्हाय."

मी म्हणाले, मावशीला सांग. तेव्हाच तू म्हणालास, मीच सांगीन, तू बोलू नको. मी विचारलं कधी. तू म्हणालास, "सांगीन की. तू तुझ्या खुर्चीचं कवा सांगशील?"

मी रिकामा डबा घेऊन निघून आले. त्यानंतर तू सुट्टीला येत राहिलास, मी नोकरीला लागले, तू माझ्या साडीलासुद्धा एकदा इस्त्री केलीस, दार न लावता, बाबांसमोर. बाबा त्या दिवशी घरात नव्हते असं वाटतं त्यांच्या मांडवातल्या बोलण्यावरून, पण होते. पेपर तोंडावर होता. आपण दोघं पाण्यावर, भाड्यावर, लोडशेडिंगवर बोललो. खुर्चीवर बोललो नाही. मी चुकले, मामा, एवढे दोन शब्द मी तुला कुठल्याच भाषेत म्हणाले नाही. गोदामाच्या गेटवर तू कोसळलास आणि गेलास, तेव्हाही म्हणे उभाच होतास.

आता दहाव्याचं पुरं सांगते, कारण ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं. त्याला सहा दिवस झाले. मामी माझ्याशी बोलत नाही. पांडूमामाने फलक त्याच संध्याकाळी सोडून माळ्यावर टाकला. आई म्हणते, गप्प राहणारी माणसं एकदा बोलतात ती घर जाळायलाच. सुमनमावशी मात्र काल येऊन मामीजवळ बसली. मग मावशीने मामीच्या हातचा चहा मागून घेतला. मी दारातून हे बघितलं. बरं की वाईट, मला ठरवता येत नाही.

तर शेलार पाणी पीत होते आणि मांडवात मागून कुणीतरी म्हणालं, "पळाला म्हनून आमी उगीच म्हनत न्हवतो."

"पळाला कशाला," पांडूमामा म्हणाला. "साहेबाच्या मागं लपला असंल."

सुमनमावशी सूप बाजूला ठेवून बाहेर आली. पुरुषांच्या मधोमध. पदराला तांदळाचा कोंडा लागलेला होता. तिने शेलारांना विचारलं, "तुमी व्हतात का हो त्या टायमाला तिथं?"

"न्हाई ताई. मी जखमी होऊन मद्रासच्या दवाखान्यात."

"मंग कोन व्हतं?"

मामी उंबऱ्यात येऊन म्हणाली, "सुमन, आज नको गं. त्याचं दहावं हाय."

"मंग कवा इचारू? आता तो बाजेवर बसनार हाय का?"

मी पेले खाली ठेवले. सगळ्यांनी बघितलं, कारण ट्रे जोरात वाजला. माझे खांदे नेहमीसारखे पुढे आले होते, ते मी मागे घेतले. म्हणाले, "मामा पळाला नव्हता. तो साहेबांचा खड्डा खणत होता. त्यांच्या कंपनीत तशी रीतच पडली होती, आधी साहेबांचा, मग आपला. लखूकाका एकटेच खणत होते."

शेलारांनी मान हलवली. "खरं हाय. आमच्यात तसंच चालायचं." पांडूमामाने खाली बघितलं. मागचा माणूस म्हणाला, "म्हंजे हुकूमच व्हता." दोनचार जणांनी हं केलं. मांडवात सगळ्यांनीच जरा श्वास सोडला. तुझा कागद पुरा झाला होता, मामा, तू साहेबांकडून मागितलेला. हुकमावर होता. त्यापुढे काही लिहायचं नाही. मामी डोळे पुसत होती. मी तिथे थांबले असते तर आज तो फलक खांबाला असता आणि मामी माझ्याशी बोलत असती.

पण सुमनमावशीने रोजगार हमीच्या कामावर दहा वर्षं माती खणली आहे. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "एका मानसाचा खड्डा. त्याला किती येळ लागतो?"

मी ट्रेमधल्या पेल्यांकडे बघितलं.

"झाला व्हता का तो? मला खरं सांग, पोरी."

ती माझ्यासमोर उभी होती आणि उत्तर येईपर्यंत हलणार नव्हती. मला गणेशपुरीचं तुझं खाकरणं आठवलं नाही, तुझं 'तू बोलू नको'ही आठवलं नाही. फक्त एवढं दिसलं की ही बाई इतकी वर्षं उभी आहे आणि तिला काय हवं ते मला माहीत आहे.

"झाला होता, मावशी," मी म्हणाले. "निघताना लखूकाका त्याला हसून साहेबीण म्हणाले होते, म्हणून तो रुसला. खड्डा झाल्यावरही तिथेच कोपरे सारखे करत बसला, परत गेला नाही. हे तुला तोच सांगणार होता."